पथ्य हा नियम आहे, यम नव्हे : बाळाच्या इसबाची जुनी-नवी गोष्ट



गेल्या चातुर्मासात प्रवचन संपल्यावर बस्तीच्या ओट्यावर एक तरुण आई माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर दीड वर्षाचं बाळ होतं. गालावर लाल चट्टे, कोपराच्या घडीत ओली इसब, आणि खाजवू नये म्हणून हातांत मोजे घातलेले. ती म्हणाली, "ताई, दूध बंद केलंय, गहू बंद केलाय, शेंगदाणा तर घरातच आणत नाही. आता आणखी काय बंद करू?"

अकरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारत फिरत होते. म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते. औषधाची चिठ्ठी मी देणार नाही, ते माझं काम नव्हे. पण 'लेकराच्या अंगावर उठलं की त्याच्या ताटातलं काढा' ही सवय आपल्याकडे आणि जगात कुठून आली, कुठे बरोबर ठरली आणि कुठे चुकली, हे कळलं तर निर्णय घेताना मन शांत राहतं.

आधी माझीच चूक सांगते

माझी लेक पाच महिन्यांची असताना तिच्या गालांवर पुरळ आलं. वर्षाची होईपर्यंत गुडघ्यांमागे, मनगटांवर, मानेला इसब पसरला. रात्र रात्र ती खाजवायची आणि मी तिचे हात धरून बसायची. सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे, गूळ बंद कर. मामी म्हणाल्या, आंबट बंद कर. शेजारणीने वांगं आणि उडीद सांगितला. मोबाइलवर कुणीतरी लिहिलं होतं की सगळ्याचं मूळ दूध आहे. मी प्रत्येकाचं ऐकलं. कंदमुळं आपल्याकडे नव्हतीच. मग गूळ, दही, दूध, गहू, शेंगदाणा, उडीद, टोमॅटो असं एकेक करत चार महिन्यांत तिच्या ताटात मुगाचं पाणी, भात आणि दुधी भोपळा एवढंच उरलं.

इसब थोडा कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा. कमी झाला की मला वाटायचं पथ्य लागू पडलं. वाढला की वाटायचं अजून काहीतरी काढायचं राहिलंय. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा त्यांनी आधी कातडी पाहिलीच नाही. तिला काट्यावर ठेवलं. चार महिन्यांत वजन जराही वाढलेलं नव्हतं. ते रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "ताई, काय काय काढलं ते सांगितलंत. परत काय काय घातलं, ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त काढत गेले होते.

जुन्या वैद्यांनी काय सांगितलं होतं

पथ्य हा शब्द आपल्या कानावर जन्मापासून पडतो. चरकसंहितेत कातडीच्या विकारांना 'कुष्ठ' हे मोठं नाव आहे आणि त्याचे अठरा प्रकार सांगितलेत. सात महाकुष्ठं, अकरा क्षुद्रकुष्ठं. तेव्हा कुष्ठ म्हणजे केवळ आज आपण ज्याला महारोग म्हणतो तो नव्हे. खाज, लस, खवले, चट्टे हे सगळं त्यात येतं. त्यातल्या 'विचर्चिका' या प्रकाराशी इसबाची सांगड आजचे वैद्य घालतात. या विकारांच्या कारणांत चरक विरुद्ध आहार मोजतो, म्हणजे एकत्र न पचणारे पदार्थ. दूध आणि मासे, दूध आणि आंबट फळं ही त्यातली नेहमीची उदाहरणं. आज्जी दुधाच्या वाटीशेजारी चिंचेचं सार ठेवू द्यायची नाही, त्यामागे हीच जुनी परंपरा होती. आपल्याकडे तर द्विदळाचा नियमही आहे. कच्चं दूध, दही, ताक डाळीबरोबर चालत नाही. त्याचं कारण जीवहिंसेचं आहे, कातडीचं नव्हे. पण स्वयंपाकघरात दोन्ही नियम एकाच फळीवर ठेवले गेले आणि पुढच्या पिढीला ते एकच वाटू लागले.

लहान मुलांसाठी आयुर्वेदात कौमारभृत्य ही वेगळी शाखाच आहे. तिचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता नेपाळात ताडपत्रावर सापडला आणि 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून छापून बाहेर पडला. जुन्या वैद्यांनी मुलांचे तीन टप्पे केले होते : केवळ दूध पिणारं क्षीराद, दूध आणि अन्न दोन्ही घेणारं क्षीरान्नाद, आणि अन्नावर आलेलं अन्नाद. पिणाऱ्या बाळाला काही झालं की दोष दुधात शोधायचा आणि पथ्य आईने करायचं, अशी रीत पडली. यात शहाणपण होतं, कारण तान्ह्या बाळाचं पोट मारून उपचार केला जात नसे. पण त्याचीच दुसरी बाजू आपण घरोघरी पाहिली आहे. बाळाच्या गालावर पुरळ आलं की सगळे बाळंतिणीच्या ताटाकडे बघतात. "तूच काहीतरी खाल्लं असशील." कित्येक सुनांनी बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने मऊ भात आणि तूप यांवर दिवस काढले आणि बाळाचा इसब होता तिथेच राहिला.

सोलापूरहून आलेला ग्रंथ

आता आपल्या घरातल्या वारशाकडे येऊ. बारा अंगांपैकी दृष्टिवाद या शेवटच्या अंगात चौदा पूर्वं येतात आणि त्यांतलं बारावं पूर्व 'प्राणावाय'. आरोग्य आणि चिकित्सा हा त्याचा विषय. ते पूर्व आज उपलब्ध नाही. पण त्या परंपरेशी नातं सांगणारा एक मोठा ग्रंथ आपल्याकडे आहे : उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक'. नवव्या शतकातला, संस्कृतातला, पंचवीस परिच्छेदांचा. श्रीनंदी हे त्यांचे गुरू. हा ग्रंथ 1940 मध्ये आपल्या सोलापुरातून, पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह छापला गेला. आमच्या काकांच्या कपाटात त्याची एक जीर्ण प्रत होती. लहानपणी मला ते नुसतं जाड पुस्तक वाटायचं.

या ग्रंथात उग्रादित्याचार्य आपल्या आधीच्या आचार्यांची नावं घेतात. शालाक्यासाठी पूज्यपाद, शल्यतंत्रासाठी पात्रस्वामी, विषचिकित्सेसाठी सिद्धसेन, आणि मुलांच्या चिकित्सेसाठी मेघनाद. म्हणजे आठ-नऊशेच्या आधीच आपल्या परंपरेत बाळांच्या आजारांवर स्वतंत्र लिहिणारे आचार्य होऊन गेले होते. मेघनादांचं लेखन हाती नाही, याची मला आई म्हणून फार हळहळ वाटते.

ग्रंथाच्या शेवटी 'हिताहित' नावाचा भाग जोडलेला आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या सभेत, वैद्य आणि विद्वान यांच्यासमोर, औषधात मांसाची गरज नाही हे उग्रादित्यांनी मांडलं, ते त्यात आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड. सोलापूरहून फार दूर नाही. त्या काळचे वैद्य दुबळ्या रोग्याला सर्रास मांसरस सांगत. अशा वेळी 'आम्ही हे घेणार नाही' एवढंच म्हणून आचार्य थांबले नाहीत. मांस आणि मद्य सोडून काय द्यायचं, कोणतं धान्य, कोणती वनस्पती, कोणता काढा, हे त्यांनी ग्रंथभर सांगितलं. मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एक वस्तू काढली तर तिच्या जागी दुसरी आणली. रोग्याला रिकाम्या ताटावर ठेवलं नाही.

मैना, श्रीपाल आणि अंगावरची व्याधी

कातडीच्या रोगाची आपल्याकडची सर्वांत लाडकी कथा मैनासुंदरीची. उज्जयिनीची राजकन्या, कर्मावर विश्वास ठेवणारी, म्हणून रागावलेल्या बापाने तिचं लग्न कुष्ठी श्रीपालाशी लावून दिलं. त्याच्याबरोबर सातशे कुष्ठी सोबती. अष्टाह्निकेत सिद्धचक्राची आराधना करून मैनेने गंधोदक शिंपडलं आणि सगळे बरे झाले, असं आपण ऐकत आलो. श्वेतांबर भगिनींकडे याच कथेवरून चैत्र आणि आश्विनातली नऊ दिवसांची आयंबिल ओळी चालते. दिवसातून एकदा, दूध-दही-तूप-तेल-गूळ-साखर काहीही नसलेलं जेवण. त्यांच्याकडे रत्नशेखरसूरींची प्राकृत 'सिरिवालकहा' चौदाव्या शतकातली. नंतर विनयविजयजींनी गुजरातीत 'श्रीपाल रास' लिहायला घेतला आणि त्यांच्यामागे यशोविजयजींनी तो पुरा केला.

लहानपणी मला वाटायचं, बघा, पथ्य केलं आणि कातडी बरी झाली. पण कथेत बरं करणारी गोष्ट श्रद्धा आहे, पथ्य नाही. आणि व्रत करणारी माणसं मोठी आहेत, समजून-उमजून संकल्प घेणारी आहेत. तान्ह्या बाळावर व्रत लादल्याची गोष्ट तिथे कुठेच नाही. शिवाय आयंबिल असो की आपला रसपरित्याग, त्याला शेवट असतो. ओळी संपली की पारणं.

परदेशातले डॉक्टरही तिथेच पोचले

आता थोडं समुद्रापलीकडे जाऊ. 1906 मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द तयार केला. 1912 मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ऑस्कर श्लॉस यांच्याकडे एक मुलगा आला. अंडं, बदाम किंवा ओट खाल्लं की त्याच्या अंगावर गांधी उठायच्या. श्लॉस यांनी त्याच्या कातडीवर बारीक ओरखडा काढून त्यावर तो तो पदार्थ लावून पाहिला. जो सोसत नव्हता, तिथेच फुगवटा आला. आज दवाखान्यात हातावर टोचून जी चाचणी करतात, तिची सुरुवात अशी झाली.

1920 नंतर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे अल्बर्ट रो यांनी याला पद्धतीचं रूप दिलं. रोग्याला काही आठवडे मोजक्याच, सहसा न बाधणाऱ्या पदार्थांवर ठेवायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणून पाहायचा. 1931 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. 1936 मध्ये शिकागोच्या ग्रूली आणि सॅनफर्ड यांनी 20 हजारांहून अधिक बाळांच्या नोंदी मांडल्या. अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा गाईच्या दुधावर वाढलेल्या बाळांत इसब सातपट दिसला. तेव्हापासून गाईचं दूध संशयाच्या पिंजऱ्यात उभं आहे.

खरी परीक्षा झाली ती 1978 मध्ये, लंडनमध्ये. अ‍ॅथर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते आठ वर्षांच्या इसबाच्या मुलांना काही आठवडे दूध-अंडं नसलेला आहार दिला आणि काही आठवडे ते असलेला. कधी काय चालू आहे हे घरच्यांना आणि तपासणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. 20 मुलांनी प्रयोग पूर्ण केला. त्यांतल्या 14 जणांना वर्ज्य आहाराच्या काळात जास्त आराम पडला. हे कळताच जगभर आयांनी दूध आणि अंडी काढायला सुरुवात केली.

पण पुढे तसेच आणखी प्रयोग झाले आणि चित्र पालटलं. 2008 मध्ये अशा नऊ प्रयोगांचा, एकूण 421 रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा निघाला की सरसकट इसबाच्या प्रत्येक मुलाचं दूध-अंडं काढून विशेष फायदा दिसत नाही. ज्या बाळाला अंड्याची अ‍ॅलर्जी तपासणीत दिसते, त्याचं अंडं काढल्याने मात्र उपयोग होऊ शकतो. थोडक्यात, पथ्य चुकीचं नव्हतं. प्रत्येकाला एकच पथ्य देणं चुकीचं होतं.

भिंतीला भगदाड, आणि आपण दारावर पहारा

मग इसब होतो कशाने? 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इसबाच्या अनेक रोग्यांत कातडीचं वरचं आवरण घट्ट ठेवणारं 'फिलाग्रिन' हे प्रथिन जन्मतःच कमी असतं. कातडीतला ओलावा निसटतो, बाहेरचं आत शिरतं, खाज सुटते. भिंतीला भगदाड पडलं होतं आणि आपण दारावर पहारा देत होतो.

यातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती ऐकून मी दचकले. 2003 मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांनी नोंदवलं की शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झालेल्या मुलांच्या इसबाला लहानपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेल्याचं जास्त आढळतं. फुटलेल्या कातडीतून अन्न आत गेलं की शरीर त्याला शत्रू समजायला शिकतं. तेच अन्न तोंडातून गेलं की शरीर त्याच्याशी मैत्री करायला शिकतं. जपानमध्ये 2010 च्या आसपास गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका साबणाने तोंड धुणाऱ्या दोन हजारांवर लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली, त्यानेही हेच दाखवून दिलं.

मैत्रिणींनो, आता आठवा. आपण बाळाला डाळीचं पीठ आणि साय चोळून अंघोळ घालतो. मी तर माझ्या लेकीच्या ओल्या इसबावर साय लावत होते आणि तोंडातून दूध बंद केलं होतं. बरोबर उलटं! चांगल्या कातडीच्या बाळाचं सोडा, पण जिथे कातडी फुटली आहे तिथे पीठ, साय, बदाम, शेंगदाणा तेल लावू नका, एवढं नक्की लक्षात ठेवा.

उशिरा देण्याच्या सल्ल्याचंही असंच झालं. 2000 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या घरांना सांगितलं : गाईचं दूध वर्षानंतर, अंडं दोन वर्षांनंतर, शेंगदाणा आणि काजू-बदाम तीन वर्षांनंतर. 2008 मध्ये त्यांनी हा सल्ला मागे घेतला, कारण उशीर केल्याने अ‍ॅलर्जी टळते असा पुरावा मिळाला नाही. 2015 मध्ये लॅक यांच्याच चमूचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची 640 बाळं त्यात घेतली होती. निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळायला सांगितला, निम्म्यांना नियमित खायला दिला. टाळणाऱ्यांत 17.2 टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांत 3.2 टक्के. म्हणजे जी आई भीतीने शेंगदाणा लपवत होती, तीच नकळत धोका वाढवत होती. अर्थात तीव्र इसबाच्या बाळाला पहिला शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच द्यायचा, आणि तोही अख्खा कधीच नाही, नाहीतर घशात अडकतो. बारीक कूट पातळ करून.

कातडी उपाशीही बोलते

इतिहासाची आणखी एक बाजू आपण विसरतो. कातडी कधी जास्त झाल्याने बिघडते, तशी कमी पडल्यानेही बिघडते. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब लोकांना पेलाग्रा होत असे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलायची. तो संसर्ग आहे असं मानत. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून अनाथाश्रमांतल्या मुलांचं जेवण सुधारून दाखवलं की हा रोग निकृष्ट आहाराचा आहे. 1937 मध्ये त्यामागचं जीवनसत्त्व, नियासिन, ओळखलं गेलं. आपल्या दख्खनच्या पठारावर जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही हा रोग दिसायचा. हैदराबादच्या कोलुथूर गोपालन यांनी 1960 च्या आसपास त्याचा अभ्यास केला. भाकरीला घाबरू नका, भाकरीबरोबर डाळ, उसळ, दूध असलं की हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो ताटात एकच पदार्थ उरला की. 1973 मध्ये लंडनच्या मॉयनाहन यांनी दाखवलं की बाळांच्या तोंडाभोवती आणि बैठकीच्या जागी चट्टे आणणारा एक वंशागत विकार शरीरात जस्त कमी शोषलं गेल्याने होतो, आणि जस्त दिलं की बरा होतो.

आणि सर्वांत चटका लावणारी नोंद 2001 ची, अमेरिकेतली. दुष्काळातल्या मुलांना होतो तो क्वाशिओरकोर, अंगावर सूज आणि कातडी सोलणारा, तिथल्या सधन घरांतल्या बाळांना झाला होता. दुधाची अ‍ॅलर्जी आहे असं समजून काही आई-वडिलांनी दुधाऐवजी तांदळाचं पेय दिलं होतं. त्यात प्रथिन जवळजवळ नव्हतंच. त्या आयांना बाळाचं भलंच करायचं होतं. ते वाचताना मला माझा मुगाच्या पाण्याचा वाडगा दिसत होता.

यम आणि नियम

त्या दिवशी डॉक्टरांकडून परत आल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. संध्याकाळी आज्जीला सांगितलं. तिने रत्नकरंड श्रावकाचार पाठ केलेला होता. ती म्हणाली, "त्याग दोन तऱ्हेचा असतो बाळ. यम आणि नियम. जन्मभराचा तो यम, मुदतीचा तो नियम. तू लेकराला यम देऊन बसलीस. तिने मागितला होता का?"

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. आपल्याकडे अभक्ष्य पाच प्रकारचं सांगितलंय. ज्यात त्रसजीवांची हिंसा आहे, ज्यात अनंत जीवांचा घात आहे, ज्याने नशा चढते, जे शिष्टांनी सेवन करण्याजोगं नाही, आणि जे 'अनिष्ट' आहे. अनिष्ट म्हणजे स्वतः शुद्ध, भक्ष्य, पण त्या माणसाच्या प्रकृतीला अपायकारक. दूध भक्ष्य आहे, पण ज्याला ते बाधतं त्याच्यापुरतं अनिष्ट. "पण आधी बाधतं का ते बघ," आज्जी म्हणाली. "एकाचं अनिष्ट दुसऱ्याच्या ताटातून काढायचं नसतं."

डॉक्टरांनी सांगितलेलं आणि आज्जीने सांगितलेलं मला एकच वाटलं. आम्ही वही घातली. एका बाजूला खाणं, दुसऱ्या बाजूला खाज, झोप, अंघोळ, हवा, कपडे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ परत आणला. आधी गहू, मग दूध, मग दही, उडीद. बराच काळ बंद ठेवलेला पदार्थ परत देताना कधी कधी एकदम जोरात अंगावर येऊ शकतो, म्हणून हे घरच्या घरी मनाने करायचं नसतं, हेही तेव्हाच कळलं. दुधाने काही झालं नाही. गव्हाने काही झालं नाही. वहीत दिसलं ते असं : लोकरीचा स्वेटर, फार गरम पाण्याची लांब अंघोळ, सुवासिक साबण आणि थंडीतली कोरडी हवा. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, लगेच भरपूर साधं मलम, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषधी मलम सांगितलं तितकेच दिवस. सहा आठवड्यांत ती पहिल्यांदा सबंध रात्र झोपली.

एक पदार्थ मात्र खराच निघाला. पुढच्या वर्षी एका पारण्याच्या जेवणात तिने काजूची खीर दोन चमचे खाल्ली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. ताबडतोब दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. तपासणीत काजू ठरला. तो आजही बंद आहे आणि कुठे जेवायला गेलो की मी आधी विचारते. इतक्या वस्तू मी विनाकारण काढल्या, आणि जी काढायची होती ती माझ्या यादीत कधी नव्हतीच.

त्या तरुण आईला काय सांगितलं

ओट्यावरच्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं. आधी बाळाचं वजन करून घे. काही काढायचं असेल तर डॉक्टरांना सांगून, एका वेळी एकच, आणि किती आठवडे ते ठरवून. फरक नाही पडला तर ती वस्तू परत दे. फरक पडला तरी एकदा परत देऊन खात्री करायची की नाही, हे डॉक्टरांना विचार. खाल्ल्यावर लगेच सूज, उलटी, धाप लागली असेल तर घरी प्रयोग करू नकोस. आपल्या घरांत अंडी-मासे नाहीत, कंदमुळं नाहीत. तेव्हा दूध गेलं की बारावं ब जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांचा मोठा आधार जातो. खरंच दूध काढावं लागलं तर त्या जागी काय द्यायचं ते आधी विचार, मग काढ. आणि तू स्वतः अंगावर पाजत असशील तर नीट जेव. कातडीला मलम लावणं हा आहारापेक्षा कमी दर्जाचा उपाय नाही.

तिने विचारलं, "म्हणजे पथ्य करूच नको?"

म्हटलं, कर. पण पारण्याची तिथी ठरवून कर. आपल्याकडे मोठ्यातल्या मोठ्या तपाला पारणं असतं. ते झाल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. घरातली आज्जी तपस्व्याला पहिला घोट स्वतःच्या हाताने पाजते, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. बाळाच्या बाबतीत तो घोट आपणच विसरतो.

परवा ती परत भेटली. बाळाच्या हातात मोजे नव्हते. इसब अजून आहे, पण गव्हाचा फुलका दुधात कुस्करून खातं म्हणाली. वजनही वाढायला लागलंय.

माझ्या लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा असावी. आणि तुमच्या घरात असं लेकरू असेल तर आज रात्री त्याच्या ताटात काय काय उरलंय ते एकदा मोजून बघा.

जय जिनेंद्र.